शोकसभेस परवानगी

मी रडलो, हे मला केशरबाईनं सांगितलं. केशरबाई म्हणजे आमच्या वसमत रोडच्या कोपऱ्यावर पालेभाजी घेऊन बसते ती. मी मेथीची जुडी उलटीपालटी करत होतो, मुळांना माती केवढी ठेवता, भाजी विकता का शेत विकता, अशी माझी रोजची कुरकुर चालली होती, आणि ती माझ्या हातातली जुडी काढून घेत म्हणाली, "सर, तुमी मोबाइलमदी रडायलात की वो." मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं मांडीखालून फोन काढला, ओली झालेली काच पदरानं पुसली आणि माझ्यासमोर धरला. आमच्या कॉलेजचं पटांगण. लिंबाखाली टेबल, टेबलावर झेंडूचा हार, मेणबत्त्या, आणि लहान लहान लेकरांचे फोटो मांडलेले. पोरं-पोरी रांगेनं मान खाली घालून उभी. फोन धरणारा हात हळूहळू मागं सरकत येतो, आणि शेवटच्या रांगेत एक टकला माणूस चॉकलेटी स्वेटर घालून उभा आहे, त्यानं चष्मा कपाळावर चढवलाय आणि तो रुमालानं डोळे पुसतोय. खाली लिहिलेलं, गाझातल्या लेकरांसाठी परभणीचे प्राध्यापक ढसाढसा रडले. ढसाढसा! काय एकेक शब्द वापरतात लोक. "कोण गेलं वो सर?" केशरबाईनं विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही. "मंग कामून रडायलात?" मी मेथी तशीच टाकून घरी आलो. पंकजा, माझी बायको, म्हणाली, रिकाम्या हातानं आलात?

आता हे झालं कसं ते सांगतो. आमच्या कॉलेजात शोकसभेला परवानगी लागते. हसण्यासारखंच आहे, पण लागते, कारण तास बुडतो. मी ठिबक सिंचन शिकवतो, आणि वर विद्यार्थी कल्याण अधिकारी नावाचं एक लोढणं माझ्या गळ्यात आहे, म्हणून ते अर्ज माझ्याकडं येतात. कुणाची आजी जाते, कुणाचा चुलता ट्रॅक्टरखाली येतो, हॉस्टेलच्या आचाऱ्याची आई जाते. शोकसभेचा अर्ज कधी कुणी नामंजूर केल्याचं मला तरी आठवत नाही. आणि कोण गेलं, कसं गेलं, हे कुणी खोदून विचारतही नाही. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला समोर उभं करून काय विचारणार? सही करायची, अरेरे म्हणायचं, वेळ झाली की जाऊन मागच्या रांगेत उभं राहायचं. कोण गेलं ते तिथं गेल्यावर कळतं, आणि पुष्कळदा तिथं गेल्यावरही कळत नाही. सगळा महाराष्ट्र असाच उभा राहतो. त्या दिवशी नीलम अर्ज घेऊन आली. नीलम म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरगी, बोरीची, माय-बाप ऊसतोडीला जातात, वर्गात पुढच्या बाकावर बसते आणि प्रश्न विचारून माझं डोकं खाते. दिवाळी होऊन गेली होती, टोळ्या कारखान्यांवर गेल्या होत्या. मी अर्ज वाचला नाही, विषय तेवढा वाचला, शोकसभेस परवानगी मिळणेबाबत, आणि पेन उघडता उघडता विचारलं, "कोण गं?" ती म्हणाली, "लेकरं, सर." मला वाटलं, झाला कुठंतरी पाथरीकडं अपघात, ऊसतोडीचा ट्रॅक्टर उलथला असेल, लेकरं ट्रॉलीत वर बसवतात हे लोक. मी अरेरे म्हणालो आणि सही केली.

नंतर कळलं की त्याच्या आधी त्या पोरांनी निदर्शनांचा अर्ज प्राचार्यांना दिला होता. किशनराव प्राचार्य. त्यांनी तो फाडून टोपलीत टाकला आणि म्हणाले, आपल्या कपाशीवर बोंडअळी पडली तवा कुठं गेलते रे तुमी? पोरं गप परत आली. मोबाइलवर ती अमेरिकेतल्या विद्यापीठांचे व्हिडिओ बघत बसायची म्हणे, मागच्या उन्हाळ्यातले, हिरवळीवर तंबू ठोकून बसलेली पोरं, पोलिस त्यांना हातापायाला धरून उचलून नेतायत. आमच्या कॉलेजात हिरवळ कुठली, सगळी गाजरगवताची पैदास. पण एवढं मात्र मी शपथेवर सांगीन, नीलमनं मला फसवलं नाही. मी विचारलं, तिनं सांगितलं. ते एका शब्दात होतं आणि खरं होतं, मी पुढं विचारलं नाही.

मी उशिरा पोचलो होतो, मांडामांड आणि नावं घेणं आधीच झालं होतं. मागं उभा राहिलो. पुढचं टेबल मला दिसत नव्हतं, उंच पोरं मध्ये होती. दोन मिनिटांच्या या शांततेत माणूस काय करतो हे कुणी सांगत नाही, मी सांगतो. माणूस पोटातली गुरगुर दाबतो. समोरच्याच्या शर्टाला लागलेला काटा बघतो. गॅस बंद केला होता का ते आठवतो. मीही तेच करणार होतो. पण ती "लेकरं, सर" म्हणाली होती ना, ते डोक्यात राहिलं होतं. आणि लिंबावरून वारं आलं, थंडीतलं, कोरडं, तसंच त्या दिवशीही होतं, आम्ही मानवतला गावी होतो, दिवाळीची सुट्टी, रब्बीच्या पाण्याचं पहिलं आवर्तन सुटलेलं आणि कालवा काठोकाठ. समर्थ म्हणाला, पप्पा, पोहून येतो. मी म्हणालो, जा. मी ओसरीवर पेपर तपासत होतो. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कालव्याच्या मध्यावर पाण्याचा वेग जास्त असतो आणि काठाला कमी असतो, हे मी फळ्यावर आकृती काढून पोरांना शिकवत आलोय, परीक्षेत हमखास विचारतो. घरात कधी सांगितलं नव्हतं. घरात कोण कुणाला असलं शिकवतं? त्याला खालच्या गेटजवळ बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत शेवाळ होतं, काठाचं, म्हणजे तो काठापर्यंत आला होता. मी हे कुणाला सांगितलं नाही, पंकजाला नाही, तिला नाहीच. तर लिंबाखाली उभं असताना ती मूठ मला दिसली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. आलं तर आलं. चष्मा वर केला, पुसलं, शांतता संपली, माझा तास होता म्हणून मी निघून गेलो. मला काय ठाऊक, कुणी फोन धरून उभं आहे.

समर्थ गेला तेव्हा किशनरावांनी मला फोन केला होता. कॉलेज उघडलं की शोकसभा घेऊ, म्हणाले. मी म्हणालो, नको. घरातलं घरात राहू द्या. खरं कारण असं की मला ते दृश्य सहन झालं नसतं. मी ज्यांना कालवा शिकवला ती पोरं मान खाली घालून उभी, आणि मागच्या रांगेत कुणीतरी माझ्यासारखाच गॅसचा विचार करतोय. म्हणून त्याच्यासाठी कॉलेजात कुणी उभं राहिलं नाही. नवीन पोरं आली, त्यांना माहीतही नाही की सरांना मुलगा होता. मला ते सोयीचं वाटायचं. वर्गात मी पुष्कळ विनोद करतो, पोरं हसतात, ठिबक सर म्हणतात मला, चांगलं चाललेलं असतं.

पंकजानं तो व्हिडिओ स्वतःच्या फोनवर बघितला. तिच्या बहिणीनं लातूरहून पाठवला. मला वाटलं ती घाबरेल, नोकरी जाईल म्हणेल. ती चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढंच, पण ती अजून चूलच म्हणते, उभी राहून पुन्हा पुन्हा तो बघत राहिली. मग म्हणाली, "त्याच्यासाठीच ना?" मी मान डोलावली. ती म्हणाली, "माझ्यासमोर एक टिपूस काढला नाहीत तुम्ही. कितीदा म्हणाले, रडा, अहो रडा, छातीत गाठ होईल. नाही. मी एकटी रडले या घरात, भिंतींना धरून. आणि तुम्ही जाऊन कॉलेजात रडलात, चार टवाळ पोरांत." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. मी म्हणालो, मी काय ठरवून रडलो का? ती म्हणाली, तेच तर. भाकरी करपली होती, ती तशीच ताटात वाढली, आणि आम्ही दोघांनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तर सगळे माझ्याकडं असे बघायलेत की जणू मी नवरदेव आहे. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांचा किशनरावांना फोन येऊन गेला होता. कारण असं, की संस्थेत एक ठिबकचं प्रशिक्षण केंद्र व्हायचं आहे, परदेशी कंपनीच्या मदतीनं, आणि ती कंपनी इस्रायलची. पाहुणे यायचेत. भगवानरावांनी मैदानात हेलिपॅडसुद्धा आखून ठेवलंय, येणार कुणी का असेना. आणि या सगळ्याच्या मुळाशी मीच, कारण आमच्या कॉलेजातून इस्रायलला जाऊन आलेला मी एकटा. त्या अभ्यासदौऱ्याच्या स्लाइड मी इतक्यांदा दाखवल्यात की मला त्या देशाचा जावई म्हणतात. वाळवंटात संत्र्याची बाग बघितली मी तिथं. दक्षिणेकडच्या एका वस्तीत एक म्हातारी होती, मिर्याम नावाची, तिनं मला नळ्या दाखवल्या, फिल्टर उघडून दाखवला, मग स्वयंपाकघरात नेऊन मूठभर खजूर हातात कोंबले, तुझ्या लेकराला ने म्हणाली. समर्थ तेव्हा लहान होता. खजूर त्यानं थुंकून टाकले, चिकट लागतात म्हणाला. दोन दिवाळ्यांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात त्या भागावर हल्ला झाला, बायका-लेकरं मारली, ओढून नेली, तेव्हा मी मिर्यामला मेल टाकला. उत्तर आलं नाही. पुन्हा टाकला नाही, कारण उत्तर येणार नाही हे नक्की कळलं असतं. मग त्यानंतर गाझात जे सुरू झालं ते आजपर्यंत चालूच आहे, जेवताना टीव्हीवर लागलं की पंकजा चॅनल बदलते. तर मी कुणाच्या बाजूचा? मला विचारू नका. मिर्यामसाठी मी उभा राहिलो नाही, त्या लेकरांसाठी राहिलो नाही आणि माझ्या लेकरासाठी कुणाला राहू दिलं नाही. मी बिनबाजूचा माणूस आहे, आणि बिनबाजूच्या माणसाला वाटतं की आपण शहाणे आहोत.

दुपारी नीलम आमच्या विभागात आली. दारात उभी राहिली. "सर, आमच्यामुळं तुमाला तरास झाला." मी तिच्यावर फाडकन ओरडलो. ही काय अमेरिका वाटली का तुला? तंबू ठोकायचेत? आईबाप तिकडं उसात मरायलेत आणि तुला जगाचा पुळका? काय काय बोललो. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "सर, तंबूचं काय सांगता? आमी पालातच मोठे झालो की. माय-बाप आताबी पालातच हायेत." ती खाली बघत सांगायला लागली, तिला कुणी विचारलं नव्हतं. "मी लहान होते तवा आमी कारखान्याला गेलतो. माझी धाकटी बहीण पाचटाच्या कोपीतच गेली, तापानं. पहाटं तिला पुरलं अन् टोळी फडात गेली सर. मायबी गेली. थांबलं की खाडा पडतोय, मुकादम शिव्या देतोय. गावाकडं आल्यावर जलदान केलं तवा वस्ती उभी राह्यली, पंचशील म्हणलं, समद्यायनं तिचं नाव घेतलं. तवर चार महिनं झालते. मला तेच वाटतंय सर. लेकरू गेलं की कुणीतरी थांबावं. कुणाचंबी असू द्या." मी विचारलं, अगं पण एवढ्या लांबचं? ती म्हणाली, "लांबचं म्हणूनच. जवळचं कुणी राह्यलं न्हाई म्हणत्यात त्यायला."

मी तिला पाणी दिलं नाही, बस म्हणालो नाही. मी एवढंच विचारलं, काढून टाकलं तर काय करशील? मला ठाऊक होतं ती काय करेल. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, शिक्षा म्हणून हॉलतिकीट अडवलं की गेलं वर्ष, वर्ष गेलं की शिष्यवृत्ती गेली. बापानं आधीच सांगून ठेवलेलं होतं की औंदा पास नाही झाली तर लगीन. आणि तिच्या घरचं लगीन म्हणजे नवराबायको मिळून एक कोयता, दसरा झाला की ट्रॅक्टरवर बसायचं. पिकाला पाणी किती लागतं याची गणितं ही पोरगी तोंडी करते, आणि ती जाऊन मोळ्या बांधणार. ती म्हणाली, "तुमी सांगा ना सर, तुमी इचारलं होतं म्हणून. मी खोटं बोलले न्हाई एवढंच सांगा. बाकी काय बी शिक्षा देऊ द्या." मी म्हणालो, बघू. आपल्याकडं बघू म्हणजे काय असतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिलाही माहीत असणार, पण तिनं विश्वास ठेवला. हाव सर म्हणाली.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. भगवानराव खुर्चीत, किशनराव बाजूला कागद घेऊन, मी समोर बसलेलो, आणि नीलम दाराशी उभी. चहा आला, तिला सोडून सगळ्यांना. भगवानराव वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला समर्थच्या वेळी तीन दिवस गाडी दिली होती. त्यांनी हसत हसत विचारलं, "सर, आमी तुमाला इस्रायलला धाडलं, अन् तुमी रडायलात कुणाला? आता ते पाहुणे बघतील ना हे." मग हसणं थांबवून म्हणाले, "एकच सांगा. अर्ज देताना या पोरीनं तुमाला सांगितलं होतं का, कोण मेलंय ते?"

मला वाटत होतं, मी सांगतोय. होय, मी विचारलं, ती लेकरं म्हणाली, मी पुढं विचारलं नाही, चूक माझी. असं सगळं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, अगदी मुद्देसूद, मी प्राध्यापक आहे. मग मला दिसलं की मी घरी बसलोय. सकाळी उठून कुठं जायचं नाहीये, कॉलेज नाही, वर्ग नाही, विनोद नाही, त्या घरात दिवसभर पंकजा आणि मी, आणि मध्ये तो. मला त्याची भीती वाटली. नोकरीची म्हणा, पोटाची म्हणा, काहीही म्हणा, पण मला खरी भीती घराची वाटली. आणि मी म्हणालो, "नाही. सांगितलं नव्हतं."

मी दाराकडं बघितलं नाही. किशनराव लिहायला लागले. भगवानराव म्हणाले, "मंग रडलात कशाला?" केशरबाईपासून सगळ्यांना हेच पडलेलं. मी म्हणालो, "साहेब, मला माझा मुलगा आठवला." आणि बघा, केबिनचा रंगच बदलला. भगवानराव उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, अरे हो हो, सर, आमच्या ध्यानातच नाही राहिलं, म्हणाले. किशनरावांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. भगवानराव त्यांना सांगायला लागले, "लिहा, सरांचं रडणं खाजगी कारणासाठी होतं. त्याचा या प्रकाराशी काही संबंध न्हाई." किशनरावांनी ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी सही केली. जे दुःख मी त्याच्या आईसमोरसुद्धा बाहेर काढलं नाही, ते मी तिथं चहाच्या कपाशेजारी ठेवून आलो, एक खुलासा म्हणून.

मग त्यांनी नीलमला विचारलं, तुला काही म्हणायचंय का? मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो. आता ती सांगणार, आणि मी काय करणार, नाही म्हणणार का पुन्हा? ती म्हणाली, "न्हाई सर. सरांना काय ठाव नव्हतं." एवढंच. तिला दोन सत्रांसाठी काढून टाकलं, पालकांना घेऊन ये म्हणाले, त्याशिवाय पुढचा विचार होणार नाही. पालक कुठं आहेत हे कुणी विचारलं नाही.

बाहेर आलो तर ती व्हरांड्यात होती. हॉस्टेलमधून पिशवी आणली होती, आधीच बांधून ठेवली असणार, म्हणजे तिनं विश्वास ठेवला नव्हता तर. किंवा ठेवला होता आणि तरी पिशवी बांधली होती. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलावं, शिव्या द्याव्यात, आमच्याकडं देतात तशा, अगदी खानदान काढून. ती जवळ आली. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. ती म्हणाली, "सर, तुमचं लेकरू गेलेलं आमाला माहीतच न्हवतं. काय नाव होतं त्याचं?"

मी नाव सांगितलं.

"सांगायचं होतं ना सर," ती म्हणाली. "त्याच्यासाठीबी उभे राह्यलो असतो की आमी."

चूक झाली म्हणायचं होतं, थांब म्हणायचं होतं, चल परत आत जाऊ म्हणायचं होतं, केबिन दहा पावलांवर होती आणि भगवानराव अजून आतच होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. ती उभी होती. मी काहीतरी म्हणेन म्हणून ती खरंच थांबली होती.

मी म्हणालो, "जा बाई, बोरीची गाडी निघून जाईल."